पाऊल आईच्या वळणावर

मे २०२३ मध्ये माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे ऑपरेशन झाले. त्याला कारणीभूत कोण, यावर अंबाजोगाईच्या आमच्या घरात अजूनही एकमत नाही. आईच्या मते सगळा दोष जर्मनीतल्या बुटांचा आहे. "तिकडं बूट घालू घालू झालं आसंल," असे ती पहिल्याच फोनवर म्हणाली, आणि पुढच्या आठवडाभरात मावशीने, शेजारच्या काकूंनी आणि ज्यांना मी हे कळवलेही नव्हते अशा दोन नातेवाइकांनी मला हेच ऐकवले. मला हा निकाल पूर्णपणे मान्य नाही, आणि माझा पुरावा खुद्द आईच्याच पायात आहे.

मी राहते ते स्टुटगार्ट शहर वाटीसारख्या खोलगट जागेत वसलेले आहे. बाजारपेठ तळाशी आहे आणि बरीचशी वस्ती भोवतालच्या चढांवर आहे. शहरात चढउतारासाठी पायऱ्यांच्या वाटा चारशेहून अधिक आहेत, त्यांना इथले लोक लाडाने 'श्टेफेले' म्हणतात आणि त्यांतलीच एक वाट उतरून मला रोज ट्रामचा थांबा गाठावा लागतो. चढताना मला फारसा त्रास होत नसे. उतरताना मात्र पाऊल बुटात पुढे सरके, अंगठा टोकाशी दाबला जाई आणि अंगठ्याच्या बुडाशी आलेला उंचवटा कातड्यावर घासून लालबुंद होई. संध्याकाळी मोजा काढल्यावर तिथे हात लावू देववत नसे, आणि शेवटच्या वर्षी तर रात्री पांघरुणाचा भारही सहन होईनासा झाला होता.

आपल्याकडे या दुखण्याला धड नाव नाही. 'अंगठ्याचं हाड वाढलंय' असे म्हणून विषय मिटवला जातो, काही जण त्याला कुरूप समजतात, आणि इंग्रजीतला 'बनियन' हा शब्द मी फोनवर उच्चारला तेव्हा वडिलांच्या डोळ्यांपुढे साहजिकच गंजीफ्रॉक उभा राहिला. जर्मनीत मात्र बुटांच्या दुकानातल्या बाईंपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यांपर्यंत सगळे 'हालुक्स' एवढेच म्हणतात आणि समोरच्याला ते कळते.

एक्स-रे समोर ठेवून डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली, ती ही की माझे हाड वाढलेलेच नव्हते. अंगठ्याच्या मागे चवड्यात जे लांब हाड असते, ते हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने कलत जाते, अंगठा त्याच्या उलट म्हणजे शेजारच्या बोटाकडे झुकतो आणि दोघांच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. आपल्याला दिसणारा उंचवटा म्हणजे त्याच हाडाचे डोके आणि घर्षणाने त्यावर आलेली सूज असते. अंगठा आणि ते हाड यांच्यातला कोन साधारणपणे १५ अंशांच्या आत असावा लागतो. माझा ३२ अंश भरला. 'नुसते वाढलेले हाड घासून टाका' ही आपल्याकडची मागणी म्हणूनच पुरी पडत नाही, कारण उंचवटा घासला तरी कललेले हाड कललेलेच राहते.

आता बुटांविषयी. हाँगकाँगमधल्या लोकांच्या पावलांची एक पाहणी १९५८ साली प्रसिद्ध झाली होती. तीत बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा असा कललेला आढळला, तर अनवाणी राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २ टक्के होते. त्यामुळे आईचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मात्र त्या दोन टक्क्यांत आमचे घराणे बसते. माझी आजी जन्मभर रानात अनवाणी वावरली. कापसाची वेचणी असो की ज्वारीची काढणी, तिच्या पायांनी काळ्या मातीखेरीज दुसरे काही पाहिले नाही, आणि तरीही तिचे अंगठे शेजारच्या बोटांवर रेललेले मला स्पष्ट आठवतात. आईने टोकदार बूट कधी घातला नाही, पण तिचाही अंगठा तसाच आहे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न "आईला आहे का?" हाच होता. पायाची ठेवण आणि सांध्यांचा सैलपणा वारशाने येतो, आणि अरुंद बूट त्या वारशाला घाई करतात, असे माझे मत झाले आहे.

ऑपरेशनची घाई मात्र कोणीच केली नाही. रुंद चवड्याचे बूट, बोटांमध्ये ठेवायची सिलिकॉनची पाचर, रात्री बांधायची पट्टी असे सगळे प्रकार मी तीन वर्षे केले. त्यांनी दुखणे थोडे कमी झाले, पण वाकलेला अंगठा पट्टीने सरळ होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर मी खर्च केलेल्या पैशांत अंबाजोगाईला एक बरी साडी आली असती. पायाच्या दिसण्यासाठी ऑपरेशन करायचे नसते, दुखण्यासाठी करायचे असते, हे डॉक्टरांनी मला दोन वेळा बजावले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नर्सने अंगावरचे सगळे दागिने काढायला सांगितले. मंगळसूत्र मी घरीच ठेवले होते, पण जोडव्यांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. अंगठा रेलल्यामुळे उजव्या पायातले जोडवे बोटात इतके रुतले होते की तिथे कायमची खाच पडली होती. नर्सने साबणाचे पाणी लावून, जोडव्याचे फाकवता येणारे टोक नखाने उचलून, दहा मिनिटे खपून ते काढले, दोन्ही जोडवी एका पाकिटात घातली आणि वर माझे नाव लिहिताना ही पायात घालायची अंगठी कशासाठी असते, असे विचारले. मी सांगितले. त्यावर ती हसून म्हणाली, की नवऱ्याच्या पायातही काही असते का? भूल देण्याआधी विचारण्याजोगा हा प्रश्न नव्हता.

कमरेखालचा भाग बधिर केलेला असल्यामुळे करवतीचा आवाज मला ऐकू येत होता. या पद्धतीला 'स्कार्फ' म्हणतात, आणि हे नाव गळ्यात गुंडाळायच्या कापडावरून आलेले नसून सुतारकामातल्या सांध्यावरून आलेले आहे. चवड्यातले लांब हाड इंग्रजी 'झेड' अक्षराच्या आकारात कापतात, त्याचा एक भाग बाजूला सरकवून जागेवर आणतात आणि टायटॅनियमच्या बारीक स्क्रूंनी पक्का करतात. माझ्या अंगठ्याच्या हाडातूनही एक छोटी पाचर काढली. दोन रात्री मी रुग्णालयात होते. सरकारी आरोग्य विम्यात दिवसाला १० युरो तेवढे आपल्या खिशातून भरावे लागतात.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून पहिल्या दिवशी मी पायऱ्यांवर बसून, पाठमोरी, एकेक पायरी वर सरकत गेले. पायात जो बूट देतात त्याची टाच जाड असते आणि चवड्याखाली काहीच नसते, त्यामुळे सगळा भार टाचेवर पडतो आणि माणूस दोन कुबड्या घेऊन बदकासारखा चालतो. पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा होता. पाणी प्यायला उठून पाच मिनिटे पाय खाली सोडला तरी तो जांभळा पडून ठणकू लागे आणि पट्टीच्या आत हृदय धडधडल्यासारखे वाटे. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रोज पोटावर एक इंजेक्शन स्वतःच घ्यायचे होते. पहिल्या दिवशी सुई हातात धरून मी वीस मिनिटे बसले होते. चौथ्या दिवसापासून ते दात घासण्याइतके सवयीचे झाले.

इथल्या कायद्याने आजारपणाचे पहिले सहा आठवडे मालकाला पूर्ण पगार द्यावा लागतो, आणि जानेवारी २०२३ पासून आजारपणाचा दाखला ऑफिसला नेऊन देण्याचीही गरज उरलेली नाही. त्यामुळे सक्तीने पडून राहण्याची मला पूर्ण मुभा होती, आणि ती मला फारच जड गेली. नवऱ्याने दोनदा ज्वारीची भाकरी थापून पाहिली. तिसऱ्या दिवसापासून आम्ही पाव खाल्ला. आई रोज व्हिडिओवर पाय दाखवायला लावी आणि मग गप्प होई. "सहा आठवडे?" असे तिने एकदाच विचारले, आणि त्यात मला काळजीपेक्षा अचंबा अधिक ऐकू आला.

टाके निघाल्यानंतर सूज उतरेना, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी एक डबा घेऊन आल्या. डब्यात 'क्वार्क' होता, म्हणजे जवळजवळ आपला चक्काच. फडक्यावर बोटभर जाडीचा थर देऊन तो सुजेवर गुंडाळायचा, असा इथला पिढ्यान्पिढ्यांचा घरगुती उपाय आहे. इथली मराठी मंडळी क्वार्कचे श्रीखंड करतात, त्यामुळे पायाला श्रीखंड बांधून बसल्याचे दृश्य मी आईला दाखवले. तिने स्वतःच्या पायाला कधीकाळी कुरूप समजून बिब्बा लावला होता. त्याचा काळपट डाग अजून आहे. क्वार्कने गारवा मिळाला, सूज तिच्या गतीनेच उतरली, पण बिब्ब्यापेक्षा हा उपाय पुष्कळ सभ्य आहे, हे मान्य करावे लागेल.

सहाव्या आठवड्यातल्या एक्स-रेमध्ये हाड जुळून आलेले दिसले आणि व्यायाम सुरू झाले. अंगठा किती वाकतो हे मोजून फिजिओथेरपिस्ट समाधानी झाली, कारण सपाट रस्त्यावर चालायला तेवढे पुरते. मी मात्र तिला उकिडवे बसून दाखवायला सांगितले. तिला ते जमले नाही, आणि मग मला काय हवे आहे ते तिच्या ध्यानात आले. जमिनीवरून उठताना, चुलीपुढे चवड्यावर बसताना, देवापुढे गुडघे टेकून वाकताना अंगठा बुडातून पूर्ण मागे दुमडावा लागतो, आणि ऑपरेशननंतर नेमका हाच सांधा ताठरतो. पुढचे तीन महिने, टीव्ही पाहताना, मी हाताने अंगठा मागे वाकवत बसे. आज मी उकिडवी बसू शकते, पण फार वेळ नाही, आणि अंगठ्याची चप्पल घातली की सांध्यावर अजून ताण येतो.

मार्गशीर्षात योगेश्वरीचे नवरात्र असते, म्हणून डिसेंबरमध्ये मी अंबाजोगाईला गेले. ओसरीवर बसून आईने माझा पाय मांडीवर घेतला, व्रणावरून अंगठा फिरवला आणि आत स्क्रू लागतो का ते दाबून पाहिले. मग तिचे लक्ष बोटांकडे गेले. जोडवी फक्त डाव्या पायात होती. उजवे बोट अजून सुजलेले असल्याने तिथले जोडवे पाकिटातच होते. मला वाटले, आता बोलणी बसणार. आईने आपला उजवा पाय पुढे केला. तिचे जोडवे दुसऱ्या बोटात नव्हतेच, ते तिसऱ्या बोटात होते. "कवाच सरकवलंय," ती म्हणाली. "ते बोट दबायलंय म्हणून." इतकी वर्षे मी तिच्या पाया पडते आहे आणि मला ते कधी दिसले नव्हते.

आईला ऑपरेशन नको आहे, आणि अडुसष्टाव्या वर्षी चालण्याफिरण्यात अडचण नसताना मीही आग्रह धरला नाही. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना वर्तमानपत्रावर तिची पावले ठेवून पेन्सिलीने कड आखली, कारण बूट घ्यायचे तर त्याच मापाने घ्यावेत, आणि बाजारात बायकांच्या बुटांपैकी एकही त्या आखणीत बसेना तेव्हा पुरुषांचे रुंद चवड्याचे, मऊ कापडाचे बूट घेतले. साडीखाली बूट घालायला ती दोन दिवस तयार नव्हती. तिसऱ्या दिवशी देवीला जाताना घातले, मंदिराच्या पायऱ्यांपर्यंत न थांबता चालली, आणि दाराशी आल्यावर ते काढून पिशवीत भरले. एरवी ती चपला बिनघोर बाहेर ठेवते. "चपला गेल्या तर गेल्या," असे म्हणत तिने ती पिशवी काखेत धरूनच देवीचे दर्शन घेतले.