आमची वाटचाल : वेल्डरच्या शोधातून उभा राहिलेला दुसरा धंदा

आमचं मूळ काम फॅब्रिकेशनचं. वेल्डर टिकत नव्हते, ऑर्डर अडकली होती. म्हणून ओळखीच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने तुरुंगातून नुकताच सुटलेला माणूस पाठवला तेव्हा घेतला. समाजसेवा वगैरे डोक्यात नव्हती. त्याने मारलेलं वेल्डिंग इतकं साफ होतं, की ग्राइंडर फिरवायची गरजच पडली नाही. "आत सहा वर्षं हेच केलं," एवढंच म्हणाला.

मग ओळखीचे कारखानदार विचारू लागले, असा अजून कोणी आहे का? त्यातून हा दुसरा धंदा सुरू झाला. सुटणारा माणूस, सरकारी खाती आणि मालक यांची गाठ घालून द्यायची. फी मालकाकडून, कामगाराकडून काही नाही.

सुरुवातीलाच घोडचूक केली. एका पॅकिंग युनिटला माणसाची शिक्षा सांगितलीच नाही. दोन महिन्यांनी पोलीस चौकशीला आले तेव्हा मालकाला कळलं. माणसाची नोकरी गेली, आमचं गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून उमेदवाराची लेखी संमती घेऊन मालकाला गुन्हा, शिक्षा, अटी सगळं सांगतो. सुपरवायझरला कामापुरतं आणि शॉप फ्लोअरवर अवाक्षर नाही.

मालकांची समजूत घालणं अवघड जाईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात गाडी अडते कागदांवर आणि वेळांवर. ओळखपत्र नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून पगार जमा होत नाही. एका पोराला सुटकेच्या अटीप्रमाणे अधिकाऱ्यांकडे लावायची हजेरी दर सोमवारी सकाळी अकराला आणि शिफ्ट सात ते तीन. तीन सोमवार अर्धा दिवस कापला गेला, सुपरवायझर त्याला दांडीबहाद्दर म्हणू लागला. सुटकेचा कागद आठ घड्या घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला, तो काढून दाखवायची त्याची हिंमत होईना. आम्ही अधिकाऱ्यांना फोन केला, हजेरी चारची झाली. पाच मिनिटांचं काम! पण कारखान्याकडे त्यांचा नंबर नव्हता आणि त्यांच्याकडे कारखान्याचा.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांत, म्हणजे कैद्यांना कसं वागवावं याच्या नियमांत, १०८ वा नियम याबद्दलच आहे : सुटणाऱ्याजवळ ओळखपत्र, राहायला जागा, काम, अंगावर ऋतूला साजेसे कपडे असावेत. आम्ही सुटकेच्या तारखेआधी दोन महिने कागद हलवायला घेतो. तरी एका कार्यालयात साधं पत्र दोन महिने पडून राहिलं, नोकरी दुसऱ्याला गेली.

अमेरिकेत १९६६ पासून फिडेलिटी बाँड आहे. अशा कामगाराने चोरी केलीच, तर पहिल्या सहा महिन्यांचा विमा मालकाला फुकट. मला हे पटलं, कारण ते मालकाच्या भीतीला हसत नाही. आमच्या ऐपतीत तसा विमा बसत नाही, म्हणून पहिले तीन महिने माणूस आमच्याच पगारपत्रकावर ठेवतो. नाही जमलं तर परत आमच्याकडे.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. खुनाची शिक्षा भोगून आलेल्याला मालक घेतात, "रागाच्या भरात झालं असेल" म्हणतात. भुरट्या चोराला मात्र गेटच्या आत घेत नाहीत. आमच्या वहीत सध्या असे चौघे थांबलेत. त्यातल्या एकाचा लेथवर फार चांगला हात आहे.