कोळंबीच्या गावात पाळकाचे घर

रविवार, 24 ऑगस्ट 2025
टेरबोन पॅरिश, लुईझियाना

या बायूकाठी, म्हणजे दलदलीतून संथ वाहणाऱ्या ओढ्याच्या काठी, येऊन आम्हाला आठ आठवडे झाले. मेथडिस्ट या आमच्या प्रॉटेस्टंट पंथात बिशप पाळकाची नेमणूक वर्षावर्षाने करतात आणि नवा पाळक बहुधा जुलैच्या आरंभी रुजू होतो. त्यामुळे ऐन वादळांच्या हंगामात आम्ही चौघांनी उंच खांबांवर उभ्या असलेल्या या घराच्या पायऱ्या चढून सामान वर नेले. जिल्ह्याला या राज्यात ‘पॅरिश’ म्हणतात. हा शब्द मूळचा चर्चचा असला, तरी तो आमच्या पंथाचा नव्हे. येथील फ्रेंच वंशाचे केजन लोक बहुतेक कॅथलिक आहेत आणि आमची मंडळी जेमतेम तीस जणांची आहे.

पहिल्या रविवारी उपासनेनंतर एका वृद्ध गृहस्थांनी आम्ही मूळचे कोठले, असे विचारले. ह्यांनी ‘भारत’ असे सांगताच ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे कोळंबीवाले.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. अमेरिकेत खपणारी बहुतेक कोळंबी बाहेरून येते आणि ती पाठवणाऱ्या देशांत भारत पहिला आहे. तळ्यांत वाढवलेल्या त्या स्वस्त मालामुळे येथील बोटवाल्यांना मिळणारा भाव इतका उतरला आहे, की डिझेल आणि बर्फाचा खर्च वजा जाता हाती काय उरेल याचा हिशेब करून काही जण बोट धक्क्यावरून हलवतच नाहीत. उपाहारगृहात परदेशी कोळंबी वाढली जात असल्यास गिऱ्हाइकाला तसे सांगावे, असा कायदाही या राज्याने 2019 मध्ये केला. माझे माहेर नगरचे. ताजी कोळंबी आमच्या घरी क्वचितच शिजे. आठवडे बाजारातली सुकट एवढीच काय ती समुद्राशी आमची ओळख. पण हे त्या गृहस्थांना सांगून काय उपयोग होता?

हे लोक हुसकावले जाणे विसरलेले नाहीत. 1755 पासून इंग्रजांनी ज्या फ्रेंच भाषकांना नोव्हा स्कोशियातून हाकलले, त्यांचे हे वंशज. आणि लुईझियाना राज्याच्या 1921 च्या घटनेने शाळेत इंग्रजी सक्तीची केल्यावर फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. मंडळीतील एक आजी प्रभूची प्रार्थना अजूनही मनातल्या मनात फ्रेंचमध्येच म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांनी ती माझ्याकडून मराठीत म्हणवून घेतली आणि डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. आता तर खालची जमीनही सरकत आहे. मिसिसिपीला बांध घातल्यामुळे गाळ येईनासा झाला, तेलासाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, आणि 1932 ते 2016 या काळात या राज्याचा सुमारे 4,800 चौरस किलोमीटर किनारा पाण्याखाली गेला. रस्त्याकडेचे वाळलेले ओक त्या खाऱ्या पाण्यानेच मेले आहेत. येत्या शुक्रवारी आयडा वादळाला चार वर्षे होतील. त्यानंतर गाव सोडून गेलेल्यांची घरे मंडळीतील लोक मला बोटाने दाखवतात, आणि तुम्ही किती दिवस राहणार, असे लगेच विचारतात. वर्षाची नेमणूक असलेल्या पाळकाच्या पत्नीने याला काय उत्तर द्यावे!

बुधवारपासून अमेरिकेत भारतीय मालावर एकूण 50 टक्के आयातशुल्क लागू होणार आहे. आज उपासनेपूर्वी दोघा-तिघांनी ह्यांना चांगल्या भावासाठी प्रार्थना करायला सांगितले. ह्यांनी ती केली, आणि पुढे आंध्रच्या किनाऱ्यावर तळ्यात कोळंबी पोसून कर्जाचे हप्ते फेडणाऱ्यांसाठीही एक वाक्य जोडले. मला ते वाक्य आजच नको होते, असे मी नंतर स्पष्ट सांगितले. आपण पाहुणे आहोत आणि यजमानाच्या पोटावर पाय पडल्यासारखे ते ऐकू आले असेल. ह्यांचे म्हणणे असे, की अर्धी प्रार्थना करून घरी परतणे त्यांना जमले नसते. त्या वृद्ध गृहस्थांचे ‘आमेन’ मला काही ऐकू आले नाही.

आम्ही घरी आलो, तेव्हा खालच्या पायरीवर बर्फाची पेटी ठेवलेली होती आणि तीत डोक्यांसकट पांढरी कोळंबी होती. ती कोणी ठेवली हे शेजारणीने सांगितले, आणि मला सुरी धरता येत नाही हे पाहून डोके अंगठ्याने कसे पिळून काढायचे तेही दाखवले. संध्याकाळ होत आली, बोटे खाजत आहेत, आणि अजून निम्मी पेटी शिल्लक आहे.