रोहिणी ते स्वाती : बारा वाकळांचं वर्ष

१० मे

आज दुपारभर ट्रंक उपसली. आज्जीची दोन लुगडी, आईच्या सहा सुती साड्या, आप्पांची धोतरं, एक काळी चंद्रकळा, खणांच्या तुकड्यांचं गाठोडं आणि अगदी तळाशी घोंगडीचा कसर लागलेला एक कोपरा. सगळं सतरंजीवर मांडलं आणि तासभर नुसती बघत बसले.

एका विषयावर, एका वर्षात, बारा लहान वाकळा, म्हणजे जुन्या कापडांच्या गोधड्या, शिवायच्या हे दोन वर्षांपासून मनात आहे. विषय ठरत नव्हता. फुलं झाली, सण झाले. बारा मराठी महिन्यांचं तर जवळजवळ पक्कं झालं होतं, पण चैत्र म्हटलं की गुढी, श्रावण म्हटलं की झोका, पौष म्हटलं की तिळगूळ. दिनदर्शिकेवरची चित्रंच हाताखाली यायला लागली. ती मी शिवली काय किंवा आणखी कुणी शिवली काय, सारखीच दिसली असती.

संध्याकाळी आईचा फोन आला. ट्रंक काढलीय म्हटल्यावर पहिलं वाक्य : "मृग लागायच्या आत सगळं धुऊन घे गं, नंतर वाळायचं नाही काही." आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं. आई लग्न होऊन तिथं आली तेव्हापासून तिच्या बोलण्यात जून-जुलै कमी आणि नक्षत्रं जास्त. फोन ठेवला आणि बोटांवर मोजायला लागले. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. बरोबर बारा! पुन्हा मोजली. बाराच.

सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. २४-२५ मेला रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वाती संपते. म्हणजे पावसाची अख्खी गोष्ट. झोप लागेना, म्हणून हे आत्ताच लिहून ठेवतेय.

१२ मे

काल पंचांगातली नक्षत्रांची वाहनं डोक्यात घोळत होती. बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, कोल्हा, मेंढा. कापडात कापून लावायला किती सुंदर! पण वाहन दरवर्षी बदलतं. यंदा मृगाचं जे वाहन, ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मग ती यंदाची गोष्ट झाली, मृगाची नव्हे. शिवाय बेडूक दिसला की बघणारा बेडूकच बघणार. कापड कोण बघणार?

तेव्हा ठरवलं की चित्र काढायचंच नाही. पाऊस दाखवायचा तो धावदोऱ्यानं. जिथं पाऊस दाट तिथं ओळी दाट, जिथं तो हुलकावणी देतो तिथं ओळी विरळ. वाकळ म्हणजे तरी काय, जुनेरावर पडलेला टाक्यांचा पाऊसच की! हे सुचलं तेव्हा स्वयंपाकघरात होते. भाकरी तव्यावर करपली, पण सगळं मनासारखं जुळून आलं.

मग हिशोब. आकार २४ बाय ३० इंच, बाळाच्या दुपट्यापेक्षा लहान. वर ठिगळं, आत धोतराचे दोन थर, खाली मांजरपाट. आज्जी शिवायची तसंच कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्या घालत मध्याकडे जायचं. अर्ध्या इंचावर ओळ घेतली तर एका वाकळेत १,४४० इंच, म्हणजे साधारण ३६ मीटर धावदोरा. इंचाला चार टाके धरले तर पावणेसहा हजार टाके. हातभर ओळीला मला सात-आठ मिनिटं लागतात, म्हणजे नुसत्या टाक्यांचे दहा तास. आर्द्रेसाठी पाव इंचावर ओळी घेतल्या तर वीस तास. जमण्यासारखं आहे.

जमण्यासारखं नाही ते एकच. ज्या त्या नक्षत्राची वाकळ त्याच नक्षत्रात पुरी करायची असं आधी मनात होतं. पण चौदा दिवसांत, तेही इथं वाईच्या पावसात? धुतलेलं कापड चार दिवस ओलं राहतं, सुई गंजते आणि तिचा तांबूस डाग धोतरावर उतरतो. आज्जी वाकळा उन्हाळ्यात शिवायची. शेतात काम नसायचं आणि ऊन हवं तेवढं असायचं. मीही तसंच करणार. मृगाआधी सगळं धुऊन, उन्हं दाखवून, रंगांप्रमाणे बांधून ठेवायचं. पाऊसभर प्रत्येक नक्षत्राचा तळहाताएवढा एक नमुना आणि वहीत चार ओळी : किती पडला, कसा पडला, आवाज कसा होता. मोठं शिवण दिवाळीनंतर, महिन्याला दोन, वैशाखापर्यंत.

१५ मे

पहिला नमुना बिघडला.

मृगाचा होता. पहिल्या पावसानंतर मातीवर तो लाल मखमली किडा निघतो ना, मृगाचा किडा, तेवढाच एक ठिपका मला हवा होता. बाकी सगळं मातकट. लाल खणाचा चण्याएवढा तुकडा आप्पांच्या धोतरावर शिवला, कडा दुमडून, नखानं दाबून, अगदी मन लावून. मग धुतला. लाल रंग असा फुटला की ठिपक्याभोवती गुलाबी डाग वाटीएवढा झाला. मिठाच्या पाण्यात भिजवूनच घेतलं होतं. मिठानं रंग पक्का होतो असं सगळ्याच म्हणतात, पण या खणाचा झाला नाही.

आता प्रत्येक रंगीत तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवतेय. सकाळी फडकं उघडायचं. बावीस तुकड्यांपैकी पाच नापास झाले, सगळे लाल नाहीतर जांभळे. हिरव्या इरकली साडीची भीती होती, पण ती अगदी पक्की निघाली.

आणखी एक करून बघितलं. बंगालमध्ये कांथा शिवताना जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे उसवून त्यांनीच टाके घालत. कापडही त्याच साडीचं, धागाही तिचाच. मला ते फार मोलाचं वाटतं. इरकलीच्या काठातून धागा ओढून बघितला. वीतभर येतो आणि तुटतो. मेण लावलं, दोन पदरी केला, तरी चार थरांतून दुसऱ्यांदा जाताना तुटलाच. एवढी वर्षं अंगावर राहिलेला धागा, त्याला आणखी किती ओढायचं? तेव्हा शिवायला नवा जाड सुती दोराच. साधारण ५०० मीटर लागेल. आर्द्रा आणि हस्त धरून थोडा जास्तच आणते.

१८ मे

दोन जोड्या आपोआप जुळल्या. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. या दोन्ही वाकळा आईच्या एकाच निळ्या साडीतून काढणार. आत खोचलेल्या भागाचा रंग अजून गडद, जवळजवळ नवा आहे. पदर मात्र उन्हानं आणि धुण्यानं पार विटला आहे, राखेसारखा. साडी एकच, तरणी आणि म्हातारी. एकही वेगळं ठिगळ लावायची गरज नाही.

दुसरी जोडी मघा आणि पूर्वा. मघांचा पाऊस सासूंचा, पूर्वांचा सुनांचा. मघांना आज्जीचं लुगडं, पूर्वांना आईची साडी. हे इतकं सरळ होतं की चार दिवस सुचलं कसं नाही याचं नवल वाटलं.

पण आज्जीच्या लुगड्याला कात्री लावायची म्हटल्यावर हात थांबला. १९७२च्या दुष्काळात आज्जी खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कामावर, कडेवर आत्या, दुपारी सुकडी. नेसायला दोनच लुगडी होती, त्यातलं हे एक. आमच्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात माणच्या माणसानं 'न पडतील मघा तर ढगाकडे बघा' म्हणत मान वर करून उभं राहायचं. पावसाची मालिका करतेय, तर न पडलेला पाऊसही त्यात यायला हवा. ही मघांची वाकळ मला त्या पावसासाठीच ठेवायची आहे.

आईला फोन केला. म्हणाली, "कापू नकोस गं ते. अख्खं राहू दे."

संध्याकाळी लुगडं पुन्हा उलगडलं, आडवं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधोमध हाताला शिवण लागली. दंड घातलेला होता. बसण्याउठण्यानं मधलं विरलं, म्हणून आज्जीनं तेवढा भाग कापून टाकला होता आणि दोन्ही टोकं जोडून घेतली होती. म्हणजे ते अख्खं नव्हतंच. तिनंच कापलं होतं. दिव्याजवळ नेऊन बघितलं. पांढरा दोरा, आता पिवळट झालेला, टाके एकसारखे बारीक. फक्त एका ठिकाणी, वीतभर अंतरात, टाके मोठे आणि तिरके झालेत. दिवा गेला असेल, की पोर रडलं असेल, की हाताला खडीची जखम असेल. कुणास ठाऊक. त्या वीतभर जागेवर बराच वेळ बोट फिरवत राहिले.

मघांच्या वाकळेत ती शिवण मधोमध येणार आणि बाकी काही नाही. कडेला एक फेरी थर धरून ठेवायला, आणि मध्यावर तिच्याच टाक्यांच्या भोकांतून माझा एक दोरा. पावसाची एकही ओळ नाही. तिरके टाके तिरकेच ठेवणार.

आईला तो दंड दाखवायला व्हिडिओ कॉल केला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाईंचा हात आहे तो. काप."

२५ मे

आज रोहिणी. सकाळपासून उकडतंय, दुपारी दक्षिणेकडे ढग आले आणि चार टपोरे थेंब टाकून निघून गेले. रोहिणीचा नमुना तसाच : मातकट धोतर, त्यावर लांब अंतरानं चार छोट्या ओळी. वहीत लिहिलं : "चार थेंब. मातीचा वास. ३ वाजून १० मिनिटं." एवढंच.

बाकीच्यांचं थोडक्यात लिहून ठेवते. आर्द्रेला चंद्रकळा, दाट ओळी. आश्लेषाला घोंगडीचा कोपरा, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेला. सुई जाईल की दाभण लागेल ते बघायचं आहे. उत्तरा आणि हस्त यांवर माणदेशाची सगळी भिस्त. त्या पावसावरच शाळूची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, पेरणी होते, म्हणून उत्तरेला आतल्या थरांत काळं कापड, वरून झिरपून दिसेल असं. हस्ताच्या ओळी चौकोनी नाहीत, गोल. हादग्याला पाटावरच्या हत्तीभोवती आम्ही फेर धरायचो, तशा. चित्रा अजून सुचली नाही. स्वातीला पांढऱ्यावर पांढरा दोरा. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणतात, तेव्हा एका ठिकाणी टाक्याची गाठ वर ठेवायची, मोत्याएवढी.

आई दुपारच्या एसटीनं आली. पिशवीतून तिची लिंबोणी साडी काढली, निऱ्यांपाशी फाटलेली. माझं लग्न ठरलं तेव्हा नेसली होती ती. म्हटलं, "आई, ही कशाला? दुसरी घेऊ की." तर म्हणाली, "पूर्वा सुनांचा ना? मग हीच. आणि ती मी शिवणार, तू नाही."

आता ती आतल्या खोलीत झोपलीय. तिला बारीक नेढं दिसत नाही हल्ली. मी दहा सुया ओवून उशाजवळच्या टाचणीच्या गादीवर टोचून ठेवल्या आहेत.