फ्रीडची वही: 1919 संपलं, आता रिकाम्या ओळी

दिवाळीपासून वहीला हात लागला नव्हता. गेले तीन आठवडे रोज रात्री बसलो आणि आर्थर फ्रीडनराइशचं, म्हणजे फ्रीडचं, 1919 साल पुरं केलं. नव्या मंडळींसाठी: हा ब्राझीलमधल्या साओ पावलोचा फुटबॉलपटू, सेंटर फॉरवर्ड (आघाडीचा मधला खेळाडू), जन्म 1892 चा, वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. त्याचे गोल मी सामन्यागणिक एक्सेलमध्ये उतरवतोय. त्या काळच्या वर्तमानपत्रात गोल करणाऱ्याचं नाव छापलेलं असेल, तरच नोंद.

इतका हट्ट कशासाठी, तर त्याने कारकिर्दीत 1329 गोल केले असं सांगतात, त्या आकड्यासाठी. संघातल्या एका सोबत्याच्या वह्यांत 1239 गोल आहेत, असं एका पत्रकाराने सांगितलं. पुढे छापताना आकडे उलटेपालटे झाले, 1239 चे 1329 झाले आणि तेच जगभर गेलं. त्या वह्या कुणाला पाहायला मिळाल्या नाहीत. जुनी वर्तमानपत्रं चाळणाऱ्या अभ्यासकांची मजल साधारण 560 सामन्यांत 550 च्या आसपास जाते. माझ्या मते हाच आकडा जास्त थोर आहे, त्याच्या मागे एकेक सामना उभा आहे.

आता 1919 ची देशोदेशींच्या संघांची दक्षिण अमेरिकन स्पर्धा, रिओत लारांजेरासच्या मैदानावर. 11 मे, ब्राझीलचा चिलीवर 6-0 विजय, फ्रीडचे तीन. अर्जेंटिना आणि उरुग्वेविरुद्ध एकही नाही. उरुग्वेशी 2-2 बरोबरी झाली, म्हणून 29 मेला पुन्हा सामना. त्यातला फ्रीडचा गोल भरताना 'मिनिट' रकान्यात 122 टाकलं, तर एक्सेल घेईना! रकान्याला 120 ची मर्यादा मीच घातली होती. त्या दिवशी मात्र 90 मिनिटं गोलशून्य, मग 30 मिनिटं जादा, तरी गोल नाही, म्हणून आणखी 30. दुसरा जादा वेळ सुरू होतो न होतो तोच ब्राझीलच्या एइतोरचा फटका उरुग्वेचा गोलकीपर सापोरितीने परतवला आणि आलेला चेंडू फ्रीडने जाळ्यात मारला. 1-0, ब्राझीलचं पहिलं विजेतेपद. मर्यादा 150 केली आणि आकडा बसला. त्याचे बूट नंतर रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानात मांडले होते म्हणे.

आणखी एक बदल केलाय: 'नसण्याचं कारण' असा नवा रकाना. पूर्वी ज्या स्पर्धेत तो नाही, ती ओळ मी काढून टाकत असे, आता ठेवतो. 1921 ला याच स्पर्धेसाठी ब्युनोस आयर्सला गेलेल्या ब्राझीलच्या संघात कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय खेळाडू नव्हते, फ्रीडही नव्हता. दोनच वर्षांपूर्वी ज्याच्या गोलावर देश नाचला, त्याच्या नावापुढे मला 'वर्ण' असं लिहावं लागलं. लिहून झाल्यावर त्या रात्री पुढे काम झालं नाही. 1930 च्या विश्वचषकापुढे 'संघटनांचा वाद': साओ पावलो आणि रिओच्या फुटबॉल संघटनांच्या भांडणात पावलिस्तांना, म्हणजे साओ पावलोच्या खेळाडूंना, पाठवलंच नाही. स्पर्धा चालू असताना तो 38 वर्षांचा झाला.

पुढचं काम पावलिस्तानो या त्याच्या क्लबच्या 1925 च्या युरोप दौऱ्याचं: दहा सामने, नऊ विजय, पॅरिसमध्ये फ्रेंच निवड संघावर 7-2. फ्रेंच वर्तमानपत्रं वाचणारं कुणी असेल तर मदत करा, माझी पोर्तुगीज कशीबशी चालते, फ्रेंच अजिबात नाही. त्यानंतर 1932. त्या जुलैत साओ पावलोने केंद्र सरकारविरुद्ध उठाव केला, फ्रीड लढायला गेला आणि आपली पदकं उठावाच्या निधीला देऊन टाकली. त्या ओळीत काय लिहायचं ते ठरलंय, तारखा तेवढ्या जुळवतोय.