डावं पेडल नावाचा झोल – अपडेट 6

आधी चांगली बातमी, ताईच्या नव्या रचनेसाठी, खणखणता आवाज यावा म्हणून, पियानोच्या तारांमधे अडकवलेले बोल्ट पडायचे थांबले!! माझा पियानो अपराइट, म्हणजे तारा उभ्या, त्यामुळे दोन पानं जोरात वाजवली की एखादा बोल्ट टण्णकन खाली, आणि मग टॉर्च घेऊन खालची फळी काढा, हे मागच्या वेळी रडून झालंय. बुधवार पेठेतून हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी प्लॅस्टिकची नळी) आणली, बोल्टांवर चढवली, मेणबत्तीवर धरून आवळली. काल 40 मिनिटं वाजवलं, एकही पडला नाही. याउलट ऑनलाइन मागवलेले ट्यूनिंगचे रबरी वेज (तार मुकी करायला खुपसायच्या पाचरी) म्हणजे निव्वळ कचरा, घरभर सायकलच्या ट्यूबचा वास.

आता खरं दुखणं. आमच्या कंपोजर ताईने पान 3 लिहिलंय ते ग्रँड (आडव्या तारांचा मोठा पियानो) डोक्यात ठेवून. ग्रँडवर डावं पेडल दाबलं की अख्खी अ‍ॅक्शन, म्हणजे हातोड्यांची यंत्रणा, उजवीकडे सरकते, सुराच्या तीन तारांतली डावीकडची सुटते, हातोडी उरलेल्या दोनवरच पडते. बोल्ट त्याच दोघींच्या मधे. म्हणजे पेडल वर असताना स्वच्छ सूर आणि खणखणाट एकत्र, दाबलं की नुसता खणखणाट. अमेरिकन कंपोजर जॉन केजने 1940 च्या दशकात गाजवलेल्या प्रिपेअर्ड पियानोच्या (तारांत बोल्ट-रबर अडकवून आवाज बदललेल्या) वळणाचं. कागदावर फार सुंदर.

माझ्या अपराइटवर ते पेडल हातोड्यांना फक्त तारांच्या जवळ आणतं. आवाज बारीक होतो, बाजूला काहीच सरकत नाही. हे मला वर्षानुवर्षं माहिती होतं तरी नऊ सुरांवर बोल्ट बसवून, डॅम्परपासूनची (तार थांबवणाऱ्या फेल्टच्या गादीपासूनची) अंतरं मोजून लिहून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

मग प्रयोग. डावीकडच्या तारेला वेज लावून बघितला, पण वाजवता वाजवता वेज लावायला तिसरा हात कुठून आणू. मग मधलं पेडल, म्हणजे रात्री शेजाऱ्यांसाठी फेल्टची पट्टी खाली येते ते. त्या फेल्टचा चिंचोळा तुकडा फक्त एका तारेसमोर लटकवला, तर हातोडी त्यावरच अडते, तिन्ही तारा मुक्या. दोन रविवार गेले यात.

वैतागून फेल्ट काढलं आणि स्वयंपाकघरातला बटर पेपर कापून त्या नऊ सुरांसमोर लटकवला. आणि काय सांगू, सूर उठतो तोच मुळी झिणझिणत! ताईला फोनवर ऐकवलं तर ती ओरडलीच, "अरे ही जवारी आहे, तानपुऱ्याची!" म्हणजे त्याचा तो झिणझिणता नाद. तानपुऱ्यासारखा घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) दोरा सरकवायचा माझा जुना प्लॅन कधीच बारगळला होता, कारण पियानोची तार घोडीवर खिळ्यांमधून वाकवून घट्ट दाबलेली असते, दोऱ्याला जागाच नाही. कागदाने ते काम परस्पर केलं.

तर पान 3 रद्द, ताई नव्याने लिहितेय. डावं पेडल स्कोअरमधून हद्दपार, मधल्याने जवारी चालू-बंद. मला तर सगळा शेवटच त्या झिणझिण्यात विरत जावा असं वाटतंय, ती म्हणते अती होईल. बघू.

एकच भानगड, फोर्टिसिमो (एकदम जोरात वाजवायचा भाग) आला की कागद अर्ध्या तासात चिंध्या. पुढचा उमेदवार जुनी एक्स-रे फिल्म. हातोडीच्या फेल्टला ओरखडे नाही ना पडणार? कोणी करून बघितलं असेल तर पट्ट्या कापायच्या आत सांगा, आईच्या गुडघ्याचा एक्स-रे आणि कात्री दोन्ही समोर आहेत.