दोनाचा सदुसष्टावा घात, उणे एक

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. मोठ्यानं वाचून पाहा. कोटीपर्यंत जीभ सरळ चालते, खर्व-निखर्वात अडखळते आणि परार्धाशी पायऱ्या संपल्या तरी १,४७५ परार्ध शिल्लकच असतात. तर असे धड वाचताही न येणारे आकडे मला फार आवडतात. वाचता येत नाहीत, पण त्यांच्याबद्दल पैजेवर सांगता येईल असं बरंच काही असतं.

हा आकडा म्हणजे २ चा ६७ वा घात, त्यातून १ वजा. पूर्ण गुणाकार न करताही त्याचा शेवटचा अंक सांगता येतो. २ चे घात २, ४, ८, ६ या अंकांवर संपतात आणि पुन्हा तेच चक्र. ६७ ला ४ ने भागलं की ३ उरतात, म्हणून तिसरा, ८. त्यातला एक गेला, राहिले ७. म्हणजे त्याला २ आणि ५ नं भाग जात नाही, विभाजक म्हणून ते बाद. अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ बाद. एकाआड एक अंकांच्या बेरजा ६३ आणि ४६, फरक १७, म्हणून ११ ही बाद. इथवर पाठकोऱ्या कागदावर भागतं.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूनं १६४४ मध्ये ही मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज कशानंही भाग न जाणारी, असल्याचं खुशाल लिहून टाकलं. तपासणार कोण? १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितीनं तपासलं आणि ती मूळ नाही हे सिद्ध केलं. गंमत अशी की विभाजक मात्र त्याला एकही सापडला नव्हता! त्याची पद्धत पुढे लेमर या अमेरिकन गणितीनं सोपी केली. ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या आकड्यानं भागून बाकी ठेवा. त्या बाकीचं पुन्हा तेच. असं ६५ वेळा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही आलं तर नाही. कडी आतून लागलेली दिसावी, म्हणजे खोलीत कुणीतरी आहे हे नक्की. कोण, ते विचारू नका. मला हा पुरावा विभाजक सापडण्याहूनही भारी वाटतो.

आतलं माणूस बाहेर आलं १९०३ मध्ये. फ्रँक नेल्सन कोल हा अमेरिकन गणिती एका सभेत फळ्यापाशी गेला, एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार मांडला. उत्तरं जुळली आणि तो चकार शब्द न काढता जागेवर जाऊन बसला, अशी गोष्ट सांगतात. तीन वर्षांचे रविवार लागले म्हणे. रविवारांचं मी छातीठोकपणे सांगणार नाही, गुणाकार मात्र पक्का आहे.

त्यातला लहान विभाजक जरा जवळून बघा. त्यातून १ काढा आणि १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीनं भागा: नेमके १४,४५,५८०, बाकी काही नाही. हा योगायोग नव्हे. या आकड्याच्या प्रत्येक विभाजकाला ही अट पाळावीच लागते. त्यामुळे शोधायची जागा पुष्कळ आटते, तरी एकेक उमेदवार तपासत जायचं तर रांग लाखांची. कोलनं अर्थात याहून हुशार वाटा धरल्या.

गुणायला घटकाभर, फोडायला वर्षं. याच विषमतेच्या भरवशावर संगणकांची कित्येक कुलुपं, म्हणजे माहिती गुप्त ठेवायच्या पद्धती, चालतात. त्यांतले आकडे सहाशेच्या वर अंकांचे. कोलचा आकडा आजचा संगणक चुटकीसरशी फोडतो. २०२४ मध्ये तर याच घराण्यातली, म्हणजे २ चा घात उणे १ अशी, ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली.

पण त्याच घराण्यात २ चा १२७७ वा घात उणे १ ही बसलाय. जेमतेम ३८५ अंकी. तो मूळ नाही हे सिद्ध झालंय, विभाजक मात्र अजून एकही कुणाच्या हाती लागलेला नाही. लागेल तेव्हा त्याला २,५५४ ने भागून बघा, बाकी १ च उरेल.