वळणाचं ऑइल

जुन्या गाडीपाशी येणारा प्रत्येक जण आधी तिच्या रंगावरून हात फिरवतो. खाली वाकून कुणी बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. एक दिवस ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं, तेव्हा कुठे मी गाडीखाली सरपटलो.

ब्रेकचे पाइप बाहेरून गंजले होतेच, पण खरी कीड आत असते. ब्रेक ऑइल हवेतली ओल पीत राहतं. डॉट ४ या प्रतीचं ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत घसरू शकतो. त्यात माझ्या गाडीला एकच सर्किट, चारही ब्रेकना ऑइलची एकच वाट, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. इतकी वर्षं आपण कशाच्या भरवशावर घाट उतरलो, हा विचार गाडीखाली पडल्या पडल्या करू नये.

नवा पाइप तांबं-निकेलचा घेतला. गंजत नाही आणि हातानं वळतो. (नुसतं तांबं नको, थरथरीनं ते तडकतं.) टोकाला दुहेरी फ्लेअर केली, म्हणजे कडा दुमडून तोंड रुंद केलं, अगदी सुबक. आणि नट ओवायचा राहिला! हे तीनदा झालं.

पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपाशी जुन्या पाइपला दोन वेटोळी होती. कारखान्यात कुणाकडे तरी पाइप उरला असेल, असं म्हणून मी शहाणपणानं तो सरळ नेला. इंजिन सुरू केलं तेव्हा दिसलं: सिलिंडर बॉडीवर, पाइप चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, दोघांची थरथर वेगळी आणि सगळी ओढ माझ्या त्या सुबक फ्लेअरवर. मुकाट्यानं पाइप कापला, नवा घेतला, वेटोळी घातली. या वेळी नट आधी ओवला.

पेट्रोलची लाइन त्या मानानं गरीब. सायलेन्सरपासून लांब ठेवली, इथेनॉलनं खाल्लेल्या रबरी नळ्या बदलल्या, संपलं.

मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढणं. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. मुलगी पेडलवर.

“दाबू?”

“दाब.”

“सोडू?”

“थांब, थांब!”

बुडबुडे संपले, पेडल दगडासारखं झालं. या गडबडीत ऑइलचा एक थेंब मडगार्डवर सांडला, तो दुसऱ्या दिवशी लक्षात आला.

पुढच्याच रविवारी एक स्नेही आले. रंगावरून हात फिरवता फिरवता थांबले आणि म्हणाले, “इथला रंग गेलाय की हो. गाडीकडे लक्ष नाही वाटतं?”